भोसरीची प्रयोगशाळा आणि कारखान्याचं गेट

औद्योगिक पिंपरीची सुरुवात एका औषध कारखान्यानं झाली. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं भारत सरकारनं इथं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना केली. गावात आजही तिला ‘एचए’ म्हणतात. तिथलं मुख्य औषध होतं पेनिसिलिन. या औषधानं जे आजार आटोक्यात आणले त्यांत उपदंश म्हणजे गरमीही होती. पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत लपवला गेलेला, ज्याचं नाव घ्यायलाही माणसं धजत नसत असा तो आजार. ‘एचए’च्या पाठोपाठ बजाज ऑटो आली, १९६२ नंतर एमआयडीसीचे ब्लॉक पडले, टेल्को आली, त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप्स उभी राहिली. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली.

याच पट्ट्यात, भोसरी एमआयडीसीच्या ‘जी’ ब्लॉकमध्ये, आणखी एक संस्था आहे. तिच्यापुढून रोज हजारो कामगार जातात, पण तिची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ऑक्टोबर १९९२मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला ‘नारी’ म्हणू लागले. गरमीवर इलाज करणारं औषध जिथं बनत होतं, तिथून काही किलोमीटरवर आता अशा विषाणूचा अभ्यास सुरू झाला, ज्याच्यावर तेव्हा टिकाऊ इलाज कुठंच नव्हता.

त्या वेळी देशात या आजाराबद्दल काय बोललं जात होतं, ते आधी पाहायला हवं. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला यांनी वेश्याव्यवसायातल्या काही स्त्रियांचे रक्तनमुने तपासले आणि भारतातला एचआयव्ही पहिल्यांदा नोंदला गेला. तेव्हापासूनच हा ‘त्या बायकांचा’ आणि ‘तसल्या पुरुषांचा’ रोग ठरला. तीन वर्षांनी गोव्यात जे घडलं त्यात या समजुतीला पोलिसांची साथ मिळाली. डॉमिनिक डिसूझा हा नियमित रक्तदान करणारा तरुण. फेब्रुवारी १९८९मध्ये त्याला पोलिसांनी उचललं आणि एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात डांबलं. कारण एकच, दान केलेल्या रक्तात विषाणू सापडला होता. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला वेगळं ठेवण्याची मुभाच दिली होती. डॉमिनिक ६४ दिवस तिथं एकटा होता. त्याची आई ल्युसी हायकोर्टात गेली, वकील आनंद ग्रोव्हर उभे राहिले. डॉमिनिक घरी परतला, पण त्याची नोकरी गेली. १९९२ साली त्याचं निधन झालं, त्याच वर्षी भोसरीत संस्था सुरू झाली.

तेव्हा प्रश्न होता तो विषाणू नेमका कुठून कुठं जातोय याचा. अंदाज सगळ्यांकडे होते, मोजमाप कुणाकडे नव्हतं.

मे १९९३पासून पुण्यात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या स्त्री-पुरुषांना हे मोजणाऱ्या एका अभ्यासात घ्यायला सुरुवात झाली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रॉबर्ट बोलिंजर आणि ‘नारी’चे डॉ. संजय मेहेंदळे, डॉ. रमण गंगाखेडकर, डॉ. जेनेट रॉड्रिग्स यांच्यासारखे संशोधक त्यात होते. पद्धत साधी पण चिकाटीची होती. माणूस खाजेची, जखमेची, लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन येई. त्याच्यावर उपचार होत, त्याला विश्वासात घेऊन रक्त तपासलं जाई, समुपदेशक त्याच्याशी बोलत आणि पुढं ठरावीक काळानं पुन्हा बोलावत. ज्यांचं रक्त पहिल्यांदा निर्दोष निघालं, त्यांच्यातल्या किती जणांना नंतर लागण झाली, ते अशा पाठपुराव्यातूनच कळू शकत होतं. पहिल्या वर्षांतला आकडा धक्का देणारा होता. वर्षभरात शंभरामागं सुमारे दहा जणांना नव्यानं लागण होत होती.

ही माणसं कोण होती? ट्रकचालक होते, हमाल होते, कारखान्यात पाळीवर जाणारे होते, दुकानदार होते. लातूर, बीड, उस्मानाबाद, नांदेडकडून आलेला तरुण भोसरीत किंवा लांडेवाडीत कॉटच्या भाड्यानं राही. एका खोलीत सहा-आठ जण, दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी झोपायचा. जेवण मेसमध्ये, बायको-मुलं गावाकडं, दिवाळीला आणि पेरणीला एक-एक चक्कर. एकटेपणा आणि हातात आलेला पहिला पगार. त्यातले काही पुण्याच्या बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीत गेले, बहुतेक गेले नाहीत. पण विषाणूला बहुतेकांशी देणंघेणं नव्हतं. थोडे गेले तरी दिवाळीच्या गाडीनं तो गावातल्या घरापर्यंत पोचत होता.

हे नुसतं अनुमान राहिलं नाही. १९९७च्या डिसेंबरात ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये डॉ. गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात पुण्याच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांचा तो अभ्यास होता. त्यांतल्या ५२५ जणी वेश्याव्यवसायात होत्या आणि त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या एचआयव्हीबाधित निघाल्या. एवढं कुणालाही अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हत्या त्या उरलेल्या ३९१ जणी. यांतल्या बहुतेक संसारी बायका होत्या, नवऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाशी संबंध न आलेल्या. दवाखान्यात आल्या त्या स्वतःच्या त्रासासाठी, आणि तो त्रासही बहुधा नवऱ्याकडूनच आलेला. त्यांच्यात लागणीचं प्रमाण १३.६ टक्के होतं. लागणीशी सगळ्यांत जवळचा संबंध दिसला तो जोडीदाराच्या गुप्तरोगाचा.

या निष्कर्षाचं वजन आज कदाचित जाणवणार नाही, म्हणून थोडं थांबून सांगायला हवं. तोवर सरकारी पोस्टर स्त्रीला सांगत होतं, एकनिष्ठ राहा, सुरक्षित राहाल. या बायका एकनिष्ठच होत्या. त्यांच्या बाबतीत धोका होता तो लग्नातच. नवरा वारला की सासरची माणसं सुनेला ‘तूच आणलंस’ म्हणून घराबाहेर काढत होती, आणि भोसरीतल्या तक्त्यांनी नेमकं उलट चित्र दाखवलं होतं. अर्थात एखादा शोधनिबंध सासूच्या हातात पडत नाही. पण डॉक्टरांच्या, समुपदेशकांच्या आणि पुढं कायदा करणाऱ्यांच्या बोलण्याला त्यानं आधार दिला.

त्याच काळातल्या दुसऱ्या एका अभ्यासानं आशाही दिली. दवाखान्यात येणाऱ्या पुरुषांशी वारंवार, न रागावता, न हिणवता बोललं, तपासणीचा अर्थ समजावून सांगितला, तर त्यांच्या वागण्यात खरोखर बदल होतो. निरोधाचा वापर वाढतो. भीतीची पोस्टर्स जे करू शकली नाहीत ते एका खोलीतल्या शांत संवादानं केलं. पुण्यात डॉ. विनय आणि डॉ. संजीवनी कुलकर्णी यांच्या ‘प्रयास’नं १९९४पासून हेच समुपदेशनाचं काम हाती घेतलं होतं. विजयाताई लवाटे यांनी १९९७मध्ये ‘मानव्य’ सुरू करून बाधित, निराधार मुलांना घर दिलं. बुधवार पेठेत ‘सहेली’ संघटनेनं वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या केलं, तर सांगलीत मीना शेषू यांच्या ‘संग्राम’नं त्याच वाटेनं आधीच मोठी मजल मारली होती.

कारखान्यांत मात्र वेगळंच चाललं होतं.

नोकरीला लावताना ‘मेडिकल’ व्हायचं. उंची, वजन, नजर, छातीचा फोटो, रक्त. त्या रक्तात आणखी काय काय तपासलं जातंय, हे माणसाला सांगितलंच जाईल याची खात्री नसे. मग एक दिवस गेटवर निरोप यायचा, ‘तुमचं होणार नाही.’ कारण तोंडी, कागदावर काही नाही. कंत्राटी माणसाला तर कारण द्यायचीही गरज नसायची, ठेकेदार दुसऱ्या दिवशीच्या हजेरीत त्याचं नाव घ्यायचा नाही एवढंच.

यावर मुंबई हायकोर्टानं ३ एप्रिल १९९७ रोजी जो निकाल दिला, तो कामगार चळवळीच्या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवा. एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी कामावर असलेला माणूस कायम होण्याच्या उंबरठ्यावर होता. रक्ततपासणीत तो एचआयव्हीबाधित निघाला. बाकी सगळ्या बाबतींत तो तंदुरुस्त असूनही त्याला कामावरून दूर करण्यात आलं. त्यानं दाद मागितली, पण नाव उघड झालं तर जगणंच अवघड होईल, म्हणून न्यायालयानं त्याला ‘एमएक्स’ आणि कंपनीला ‘झेडवाय’ अशी टोपणनावं वापरू दिली. नाव झाकून न्याय मागता येतो, हे या खटल्यानं देशाला पहिल्यांदा दाखवलं. निकालात न्यायालयानं म्हटलं, की जो माणूस आपलं काम करू शकतो आणि ज्याच्यापासून इतरांना कामाच्या ठिकाणी धोका नाही, त्याला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नाकारणं हे राज्यघटनेच्या समतेच्या आणि जगण्याच्या हक्काविरुद्ध आहे. त्याला कामावर घेण्याचा आदेश झाला, बुडालेल्या मजुरीपोटी भरपाईही मिळाली.

हा निकाल सार्वजनिक उपक्रमापुरता होता. खाजगी कारखाना त्याच्या कक्षेबाहेर होता आणि पिंपरी-चिंचवडमधले बहुतेक कारखाने खाजगीच. ही फट बुजायला पुढची वीस वर्षं जावी लागली.

कामाच्या ठिकाणच्या धोक्याची भीती मात्र समजून घेण्यासारखी आहे, तिला नुसतं अडाणीपणा म्हणून झटकता येत नाही. भोसरी, तळवडे, चाकण इथल्या प्रेस शॉपमध्ये आजही बोटं कापली जातात. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या या अपघातांची नोंद ‘सेफ इन इंडिया फाउंडेशन’ गेली काही वर्षं अहवालांतून मांडत आहे. रक्तानं माखलेल्या सहकाऱ्याला उचलताना कुणाच्याही मनात प्रश्न येईल. त्याचं उत्तर असं. धडधाकट कातडीवर रक्त पडल्यानं लागण होत नाही, साबण-पाण्यानं धुवून टाकावं. शरीराबाहेर हा विषाणू फार तग धरत नाही. प्रथमोपचाराच्या पेटीत हातमोजे असावेत आणि ते प्रत्येक जखमीसाठी वापरावेत, कारण कुणाच्या रक्तात काय आहे हे चेहऱ्यावरून कुणालाच कळत नाही. उघड्या जखमेत दुसऱ्याचं रक्त गेलंच, तर बहात्तर तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात आणि त्या अठ्ठावीस दिवस घ्याव्या लागतात. कॅन्टीनचं ताट, संडास, एकच कॉट, मच्छर, घाम, हस्तांदोलन यांपैकी कशानंही एचआयव्ही होत नाही. बाधित कामगाराला हाकलल्यानं शॉप सुरक्षित होत नाही, हातमोज्यांनी आणि यंत्रावरच्या गार्डनं होतं.

गोळ्यांची गोष्ट यायला मात्र नवं शतक उजाडावं लागलं. १९९६च्या सुमारास तीन औषधं एकत्र दिली की विषाणू दबतो हे सिद्ध झालं होतं, पण त्यांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढं होता. भोसरीतल्या कामगाराला त्या आकड्याचा काही अर्थच नव्हता. फेब्रुवारी २००१मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी जाहीर केली आणि जगभरातल्या किमती कोसळल्या. १ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारनं आठ सरकारी रुग्णालयांत एआरटी, म्हणजे विषाणू दाबणाऱ्या या औषधांची उपचारपद्धती, मोफत सुरू केली. महाराष्ट्रात पहिल्यांदा ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मिळू लागली. पिंपरीतून पहाटेची गाडी धरून मुंबईला जायचं, रांगेत उभं राहायचं, रात्री परतायचं आणि शेठला सुट्टीचं कारण काय सांगायचं, हा प्रश्न तेव्हाच्या कित्येकांनी सोडवला किंवा सोडून दिला.

म्हणून पिंपरीतल्या महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात, ज्याला सगळे ‘वायसीएम’ म्हणतात, एआरटी केंद्र सुरू झालं ही या शहरासाठी मोठी गोष्ट होती. त्यात बजाज ऑटोनं महापालिकेबरोबर भागीदारी केली. सरकारी औषधं, पालिकेचं रुग्णालय आणि उद्योगाचा हातभार असा तो मेळ होता. ज्या उद्योगांच्या गेटवर भीती होती, त्याच उद्योगांपैकी एकानं उपचाराचा भार उचलावा, हे या पट्ट्याच्या इतिहासातलं चांगलं पान आहे.

रस्त्यावरही काम चालू होतं. गेट्स फाउंडेशनच्या ‘आवाहन’ उपक्रमातून पाथफाइंडर इंटरनॅशनलनं महाराष्ट्राच्या दहा जिल्ह्यांत ‘मुक्ता’ प्रकल्प चालवला, पुणे त्यातला महत्त्वाचा जिल्हा. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरसारख्या ट्रक थांबण्याच्या जागा, नाशिक हायवेवरचे ढाबे, मजुरांचे नाके इथं तपासणी आणि निरोध पोचवणं हा अशा सगळ्या प्रकल्पांचा गाभा. तिथं काम करणाऱ्यांत स्वतः बाधित असलेली माणसं होती. पुण्यातून चालणाऱ्या ‘नेटवर्क ऑफ महाराष्ट्र पीपल लिव्हिंग विथ एचआयव्ही’ या संघटनेनं आणि मनोज परदेशी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी चेहरा न झाकता सभांत बोलायला सुरुवात केली. ज्याच्याविषयी इतकी वर्षं कुजबुज झाली तो माणूस समोर उभा राहून, चहा घेत, आपल्या गोळ्यांची वेळ सांगतोय, हे पाहणं ऐकणाऱ्यांना नवीन होतं.

दरम्यान ‘नारी’त ७ फेब्रुवारी २००५ रोजी भारतातल्या पहिल्या एचआयव्ही लसचाचणीला सुरुवात झाली. निरोगी स्वयंसेवकांनी दंड पुढं केले. लस सुरक्षित निघाली, पण पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण करू शकली नाही. आजवर जगात एचआयव्हीची प्रभावी लस मिळालेली नाही.

पण भोसरीच्या हातून जी दुसरी गोष्ट घडली, तिची किंमत एखाद्या लसीपेक्षा कमी नाही. ‘एचपीटीएन ०५२’ नावाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास नऊ देशांत चालला होता, आणि भारतातल्या त्याच्या केंद्रांत चेन्नईबरोबर पुणंही होतं. त्यात १,७६३ जोडपी सहभागी झाली, प्रत्येक जोडीत एक जण बाधित आणि दुसरा निरोगी. निम्म्या बाधितांना औषधं लगेच सुरू केली, उरलेल्यांना तेव्हाच्या नियमाप्रमाणं प्रतिकारशक्ती खालावल्यावर. १२ मे २०११ रोजी निकाल जाहीर झाला. लगेच औषधं घेणाऱ्यांकडून जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी कमी झालं होतं. जोडीदाराकडूनच आल्याची खात्री पटलेल्या २८ संसर्गांपैकी २७ उशिरा औषध सुरू झालेल्या गटातले होते. पुढच्या वर्षांत अशा अभ्यासांतून हे पक्कं झालं, की नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका दबलेला असेल, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही.

१९९७ साली भोसरीनं दाखवलं होतं की विषाणू लग्नाच्या घरात शिरतो. २०११मध्ये त्याच भोसरीनं, जगाबरोबर, दाखवलं की तो तिथं अडवता येतो. बाधित माणसानं संसार करावा, मूल होऊ द्यावं, त्या मुलाला लागण होऊ नये, हे सगळं आता शक्य आहे. गरोदरपणी तपासणी आणि औषधं वेळेत मिळाली तर बाळ निरोगी जन्मतं. त्यासाठीच्या संशोधनातही पुण्याचा वाटा आहे. अंगावर पिणाऱ्या बाळांना सहा आठवडे औषध देण्याची चाचणी ससून आणि बी. जे. मेडिकलमध्ये झाली, आणि इथिओपिया, युगांडातल्या निष्कर्षांसोबत ती २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली.

२०१७पासून तर प्रतिकारशक्ती घसरण्याची वाट पाहणंच थांबलं. तपासणीत निदान झालं की लगेच औषधं, असं सरकारी धोरण झालं. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते, तीन औषधं त्या एकीत असतात. ती गोळी रोज घेणारा माणूस फर्स्ट शिफ्ट करतो, ओव्हरटाइम करतो, हप्ते फेडतो, मुलीचं लग्न करतो. मधुमेह असलेल्या सहकाऱ्याला जेवढी पथ्यं असतात, त्याहून याला जास्त नसतात.

मग आता उरलं काय?

२०१५ साली पुण्यातल्या एका औषध कंपनीत काम करणाऱ्या स्त्रीनं वैद्यकीय विम्याच्या दाव्यासाठी कागदपत्रं दिली. त्यांतून तिचं एचआयव्ही असणं वरिष्ठांना कळलं आणि तिला राजीनामा द्यायला लावण्यात आलं. तिला लागण नवऱ्याकडून झालेली होती. १९९७च्या शोधनिबंधातल्या त्या ३९१ जणींची परंपरा इथवर येऊन पोचते. ती कामगार न्यायालयात गेली. तीन वर्षांनी, २०१८ साली, न्यायालयानं तिला कामावर परत घेण्याचा आणि थकलेला पगार देण्याचा आदेश दिला. औषधं बनवणाऱ्या ठिकाणीही भीती औषधाच्या ज्ञानावर मात करते, हे या प्रकरणातून दिसलं. पण ती स्त्री लढली, आणि जिंकली, हेही तितकंच खरं.

तिच्या निकालाच्याच वर्षी, १० सप्टेंबर २०१८ रोजी, एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा देशभर लागू झाला. संसदेनं तो २०१७ साली मंजूर केला होता. ‘एमएक्स’च्या निकालात राहिलेली फट या कायद्यानं बुजवली. आता खाजगी कारखान्यालाही एचआयव्ही आहे म्हणून कुणाला नोकरी नाकारता येत नाही किंवा काढता येत नाही. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही. माणसाच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि अहवाल त्याच्या परवानगीविना कुणाला सांगता येत नाही. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ज्या आस्थापनेत शंभर किंवा अधिक माणसं आहेत, तिथं तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. राज्य सरकारनं लोकपाल नेमायचा आहे.

हा कायदा चाकणच्या दृष्टीनं वाचला की अडचण कुठं आहे ते कळतं. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ला सुरू झाला, फोक्सवॅगन २००९ला आली, पुढच्या वर्षी महिंद्रा. आंबेठाण चौक, तळेगाव चौक, खराबवाडी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे ही सगळी गावं बघता बघता खोल्यांच्या चाळींनी भरून गेली. पण इथल्या लाइनवर उभा असलेला तरुण बहुधा कंपनीचा नसतो, ठेकेदाराचा किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलेला असतो. कंपनीच्या बोर्डावर तक्रार अधिकाऱ्याचं नाव असलंच, तरी ते नाव आपल्यासाठी आहे असं त्याला कुणी सांगत नाही. सात-आठ महिन्यांनी ठेकेदार बदलतो, त्याबरोबर पीएफ खातं बदलतं, खोली बदलते. अशा माणसाची गोळी चुकते ती बहुतेकदा रांगेच्या भीतीनं किंवा सुट्टी न मिळाल्यानं. पाळी सकाळी सहाची, केंद्र उघडतं नऊनंतर. सुपरवायझरला दर महिन्याला ‘दवाखान्यात जायचंय’ सांगितलं की तो विचारतो, कसला आजार? खोटं सांगावं लागतं. आणि खोटं सांगत जगणाऱ्याला एखादा महिना राहून जातो. करोनाच्या काळात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं (नाको) तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला सुरुवात केली, ती सोय अशा कामगारांसाठी कायम टिकणं फार महत्त्वाचं आहे.

राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात आज सुमारे पंचवीस लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत, प्रौढांमध्ये साधारण ०.२ टक्के. संख्येनं सगळ्यांत जास्त महाराष्ट्रात, जवळपास चार लाख. त्यांच्यातले कित्येक या पट्ट्यात गाडीचा दरवाजा बसवताहेत, फोर्कलिफ्ट चालवताहेत, कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटताहेत. शेजारच्याला माहीत नाही, आणि माहीत असण्याची गरजही नाही. पण त्यांतल्या एखाद्यानं स्वतःहून सांगायचं ठरवलं, तर त्याच्या ताटातली भाजी अर्धवट टाकून कुणी उठू नये, एवढं तरी तीस वर्षांच्या संशोधनानंतर या शहरानं शिकायला हरकत नाही.

भोसरीची संस्था अजून तिथंच आहे. २०२०च्या वसंतात टीव्हीवर रोज करोनाची माहिती देणारे शांत डॉक्टर म्हणून देशानं ज्यांना ओळखलं, ते डॉ. गंगाखेडकर याच संस्थेत घडले आणि त्याच वर्षी पद्मश्रीनं सन्मानित झाले. अलीकडे संस्थेचं नाव बदललं, ‘राष्ट्रीय’ आणि ‘एड्स संशोधन’ हे शब्द ठेवून त्यात विषाणुशास्त्र जोडलं गेलं. जुन्या कामगारांच्या तोंडी मात्र ‘नारी’ हेच नाव आहे.

तपासणी करायची असेल तर सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन आणि तपासणी (आयसीटीसी) केंद्रात ती मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. ठेकेदार बदलला, गावाला परत जायची वेळ आली, तर गोळ्या बंद करायच्या नसतात. आपल्या एआरटी केंद्रात सांगितलं की नाव नव्या जिल्ह्याच्या केंद्राकडे वर्ग करता येतं, चाकणहून बीडला आणि बीडहून पुन्हा चाकणला. आणि कुणाला काही विचारायचं असेल, अगदी नाव न सांगता, तर १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीतही उत्तर मिळतं.